कात्री न लागलेल्या पिशव्या

इब्रामपूरहून सकाळी कंपनीची बस सुटते तेव्हा गोकुळदास हल्ली मागच्या सीटवर जाऊन बसतो. ती सीट कुणालाच नको असते, कारण चांदेलच्या वळणांवर तिथे बसलेल्याच्या पोटातला चहा घशाशी येतो. माझ्या पाठीमागची पहिली सीट इतकी वर्षं त्याची होती, आणि धाकटी लेक तनया त्याच कंपनीत लागल्यापासून बापलेकीची झाली होती. आता तिथे तनया एकटी बसते. बाजूच्या जागेवर ती आपली पर्स ठेवते. बाप तिला ओलांडून मागे जातो, ती जनेलातून बाहेर बघते, आणि मी उगाच हॉर्न वाजवतो.

मी सगुण, ह्या बसचा ड्रायव्हर. साहेबांचे पाहुणे आले की मोठी गाडीही मीच चालवतो. माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या सगळ्या वाड्याला ठाऊक आहे, आणि गोकुळदासचं कधीच तापत नाही हेही. लहानपणापासून आम्ही शेजारी. त्याच्या बाबतीत जे घडलं ते गावात हसत सांगतात, काजूच्या मोसमात तर हमखास. हसण्यासारखं त्यात आहे, नाही असं नाही. पण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथे होतो, त्यामुळे मला हसू येत नाही.

गोकुळदासच्या घरात कुठलीही वस्तू मरत नसे. फुटकी बालदी तुळशीला गेली, बालदीची कडी गोठ्याच्या दाराला लागली. त्याची बायको विनोदिनीवहिनी पाळी गावची, खाणीच्या पट्ट्यातली. तिच्या भावांचे तेव्हा खनिजाचे ट्रक धावत होते आणि तिच्या माहेरी जुन्या वस्तूकडे कोणी वळून बघत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी पुरुमेताचं सामान, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरताना, नवऱ्याने दूध-पावडरीचे जुने डबे घासूनपुसून रांगेने मांडलेले पाहिले आणि तिला रडू आलं, असं ती स्वतःच सांगते. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजले आणि तिचा भाऊ बाबाजी काजूच्या मोसमात ह्यांच्याच भाटीवर राबायला येऊ लागला. तेव्हापासून ती डब्यांबद्दल बोलायची बंद झाली.

भाटी म्हणजे काजूची दारू गाळायची जागा. वर डोंगरावर काजू, खाली ओहोळाच्या कडेला गोकुळदासची परवान्याची भाटी. बोंडं तुडवून रस काढायचा, त्याला आम्ही नीरो म्हणतो. तो काही दिवस आंबू द्यायचा आणि मग भाण्यात, म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यात, उकळून त्याची हुर्राक काढायची. बाकीचं वर्ष गोकुळदास कारखान्याचा माणूस, पण त्या मोसमात रजेचा प्रत्येक दिवस तो भाटीवर असे.

कारखान्यात तो मुळात डिचोलीला लागला होता. तिथे औषधं पोलादी टाक्यांत बनत. एक औषध संपलं की टाकी धुवायची, गरम पाण्याने, मग औषधाच्या पाण्याने, मग वाफेने, आणि पुन्हा तपासायची. गोकुळदास ते काम इतक्या मनापासून करी की वरिष्ठ त्याची टाकी तपासायला कंटाळत. धुतलेल्या टाकीत दिवा सोडून तो आत डोकावायचा आणि स्वतःचा चेहरा दिसला की समाधानाने मान हलवायचा. मग तुयेंच्या पठारावर आमची कंपनी आली. पगार बरा, घराजवळ, म्हणून तो इकडे आला, आणि आल्या दिवशीच त्याला समजलं की इथे धुवायचं काहीच नाही.

इथे टाक्यांच्या जागी पिशव्या होत्या. जाड, पारदर्शक, काचेसारख्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या, नळ्या जोडलेल्या. भरली की एकेक पिशवी घरावरच्या पाण्याच्या टाकीएवढी होते. तनयाने मला एकदा बसमध्ये नीट समजावलं होतं. हे औषध रसायनं मिसळून होत नाही. जिवंत पेशी खाऊपिऊ घालून वाढवायच्या, त्या पेशी औषध तयार करतात. त्यांना जरा बाहेरचा जंतू लागला की सगळं नासतं. म्हणून पिशवी आधीच निर्जंतुक करून दोन वेष्टनांत बंद होऊन येते, एकदा वापरायची आणि नष्ट करायची. टाकी धुण्याचं पाणी वाचतं, वाफ वाचते, दिवस वाचतात. आज एक औषध, पिशवी बदलली की परवा दुसरं. छोट्या कंपनीलाही परवडतं आणि औषध स्वस्त पडतं.

गोकुळदासही तिच्या शेजारी बसून हे ऐकत होता. आमच्याकडे स्वस्त म्हणजे राखून ठेवणं आणि तिथे स्वस्त म्हणजे टाकून देणं. हिशेब तनयाचा बरोबर असेल, पण त्याच्या गळी उतरेना. वापरलेल्या पिशव्यांचं त्याला काही वाटत नसे. त्या वाफेत मारून, तुकडे करून जाळायला जात, आणि त्यांना हात लावायचा नाही एवढं त्याला पक्कं कळत होतं. त्याचा जीव अडके तो नाकारलेल्या पिशव्यांत. कधी हवेच्या चाचणीत एखादी नळी बारीक गळते, कधी वेष्टन चुकून आधी उघडलं जातं, कधी मुदत संपते. अशी पिशवी कोरी असते, औषधाचा थेंब तिला लागलेला नसतो, पण ती ठेवायची नाही. कुणी चुकून पुन्हा आत नेऊ नये म्हणून तिची कात्रीने दोन शकलं करायची. कापायची गोकुळदासने आणि समोर उभं राहून बघायचं गुणवत्ता विभागाच्या माणसाने. मग त्या माणसाने पिशवीच्या क्रमांकापुढे सही करायची.

तो माणूस म्हणजे तनया. बायोटेक्नॉलॉजी शिकून ती शिकाऊ म्हणून लागली होती आणि कायम व्हायची वाट बघत होती. इब्रामपूरची मुलगी पांढऱ्या कोटात औषधाच्या बॅचवर सही करते ह्याचा गोकुळदासला केवढा अभिमान. देवळात, दुकानात, तिठ्यावर, विषय कुठलाही असो, तो तनयाच्या सहीवर येऊन थांबे. तिची सही नसली तर औषध गेटाबाहेर पडत नाही, असं तो सांगायचा. ते सगळं खरं नव्हतं, पण आम्ही कोणी त्याला अडवलं नाही.

पिशव्या कापायचं काम दुपारच्या जेवणाच्या वेळी होई, कचऱ्याच्या खोलीत. बाहेरच्या ओट्यावर तनया डबा उघडून बसे आणि दारातून बापाशी बोले. बाप आत कात्री चालवी. तिने उठून बघायचं असे, पण बापाची कात्री काय बघायची. "कापली गो," असं तो आतून म्हणायचा आणि ती हात पुसून सही करायची.

पहिली पिशवी त्याने कधी वाचवली ते मला ठाऊक नाही. त्याने मला नंतर सांगितलं ते एवढंच, की त्याने कात्री उघडली आणि हात पुढे जाईना. कोरं लुगडं घडी न मोडता फाडायला सांगितल्यासारखं वाटलं म्हणे. त्याने एक फाटकं वेष्टन कापलं, कात्रीचा आवाज झाला, आणि पिशवी घडी करून डब्याच्या थैलीत घातली. एकदा जमलं की पुढचं जमत जातं. एक पिशवी भाटीवर गेली. एक विनोदिनीवहिनीने कोकमाच्या सोलांचं आगळ भरायला घेतली. शेजारच्या पद्मावतीकाकीला तांदूळ ठेवायला मोठ्या तोंडाची एक दिली, आणि सगळ्यात चांगली, मुदत संपलेली पण वेष्टनही न उघडलेली, तेरेखोलला थोरली लेक विनिता हिच्या सासरी गेली. त्यांचं पर्यटकांना राहायला द्यायचं घर आहे, उन्हाळ्यात तिथे पाण्याची ओढ. व्याह्यांना त्याने "परदेशी टाकी" म्हणून ती भेट दिली. विकत घेतली असं तो म्हणाला नाही आणि नाही घेतली असंही म्हणाला नाही.

आम्हाला वाटायचं कंपनी देते. तनया मात्र नोकरी लागल्यापासून भाटीवर फिरकली नव्हती, आणि घरातली पिशवी गोकुळदासने कोठीच्या काळोखात ठेवायला लावली होती. मी स्वतः त्या भाटीवरच्या पिशवीखाली बसून हुर्राक प्यायलोय. फणसाच्या झाडाखाली बांबूचा पिंजरा करून त्यात त्याने ती बसवली होती. एक नळी वर मोकळी, फेस आणि हवा जायला. खालच्या नळीला चाप, नीरो काढायला. पारदर्शक पिशवीतून आंबणाऱ्या रसाचे बुडबुडे वर जाताना दिसायचे आणि बाबाजी त्याला भाटीचा टीव्ही म्हणायचा.

त्या एप्रिलमध्ये परदेशातून एक बाई आणि तिचे सहकारी आमची कंपनी तपासायला आले. त्यांचं औषध इथे बनवायचं की नाही ते त्यांच्या तपासणीवर ठरणार होतं. ते मिळालं तर तनयासारखी मुलं कायम होणार, हे रुद्रेश साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रुद्रेश साहेब कारखान्याचे प्रमुख, माणूस वाईट नाही, पण पाहुण्यांसमोर फार बोलतात. बाईंनी सगळं पाहिलं. नाकारलेल्या पिशव्यांचं काय करता हे विचारलं तेव्हा तनयाने उत्तर दिलं. प्रत्येक पिशवी माझ्यासमोर कापली जाते, असं ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. गोकुळदास तेव्हा भिंतीला पाठ लावून उभा होता. इंग्रजी त्याला बेताचंच कळतं, पण एवढं कळलं.

शेवटच्या दिवशी दुपारी साहेबांना सुचलं की पाहुण्यांना गोव्याचा काजू दाखवावा. जवळ चांगली भाटी कुठे आहे असं त्यांनी विचारलं आणि तनया पटकन म्हणाली, आमचीच आहे. तिचा चेहरा इतका फुलला होता की नको म्हणायला कोणाची जीभ वळली नसती. गोकुळदासला हे कॅन्टीनमध्ये समजलं. त्याने हातातला पाव ताटात ठेवला आणि घरी फोन लावत सुटला. काजूच्या डोंगरात मोबाईलला रेंज मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट. बाबाजीचा फोन लागेना, वहिनीचा लागेना.

मी गाडी पुसत होतो. तो धापा टाकत आला आणि माझ्या हाताला धरून म्हणाला, "सगुण, गाडी हसापूरवरून फिरवून व्हर. पाव्हण्यांक नदी दाखय."

मी वैतागलो. एवढ्या उन्हात पाहुण्यांना नदी कशाला दाखवायची, आणि मला रस्ता शिकवणारा हा कोण. तसं मी त्याला बोललोही. तो तिथे थांबलाच नाही. पॅकिंगमध्ये कोल्हापूरचा राजेश आहे, त्याची मोटरसायकल मागून घेतली आणि फाटकातून असा गेला की गेटवाला बघत राहिला. गोकुळदासला मोटरसायकल धड चालवता येत नाही. तेव्हा कुठे माझ्या मनात पाल चुकचुकली. मी गाडी हसापूरवरून नेली, नदीही दाखवली, बाईंनी फोटो काढले. पण असा कितीसा उशीर करणार.

भाटीवर पोचलो तेव्हा बाबाजी भाण्याखाली लाकडं सारत होता आणि वहिनी तोंडावर पदर घेऊन उभी होती. फणसाखाली पिंजऱ्यावर एक मोठी गोधडी टाकलेली होती. तिच्यासमोर गोकुळदास उभा होता, कंपनीच्या गणवेषात, घामाने निथळत, दोन्ही हात मागे पसरून.

नंतर मी त्याला विचारलं होतं, की आमच्या आधी पोचलास तर चाप उघडून नीरो सोडून का दिला नाहीस. रिकामी पिशवी तर क्षणात भाण्याखालच्या जाळात गेली असती. त्याने मान खाली घातली. चाप त्याने हातात धरला होता, पण घरच्या सगळ्यांनी कित्येक दिवस वाकून वेचलेल्या बोंडांचा रस त्याच्याने मातीत सोडवेना. ज्या हाताने कात्री चालली नाही त्याच हाताने चाप उघडला नाही. माझं डोकं तेव्हा इतकं तापलं की मी त्याला मूर्ख म्हणालो. त्याने तेही ऐकून घेतलं.

पाहुणे खूश होते. बोंडं तुडवायची जागा पाहिली, हुर्राक हुंगली, बाबाजीबरोबर फोटो झाले. मग बाईंनी विचारलं की रस आंबवता कुठे. साहेबांनी ते मराठीत आणलं. गोकुळदास म्हणाला की काही नाही, घरगुती आहे, बघण्यासारखं नाही. तनयाला वाटलं बाप लाजतोय. गरिबाघरची पिंपं दाखवायला संकोचतोय असंच तिला वाटलं असणार, कारण ती हसत पुढे गेली, त्याच्या खांद्याला हलकेच हात लावून त्याला बाजूला सारलं, आणि पाहुण्यांना दिसावं म्हणून स्वतःच्या हाताने गोधडी ओढली.

पिशवीत फेस चढला होता. उन्हाची तिरीप पडून रस सोन्यासारखा दिसत होता आणि बुडबुडे शांतपणे वर जात होते. वरच्या कोपऱ्यावर कंपनीची पट्टी, तिच्यावर क्रमांक. साहेब हसायला लागले होते ते अर्ध्यावर थांबले. बाईंनी चष्मा लावला आणि क्रमांक वाचला.

तनयाने तो त्यांच्या आधी वाचला असावा. तिच्या हातातून गोधडी सुटली नव्हती. ती बाईंकडे वळली नाही, बापाकडेच बघत हळू म्हणाली, "बाबा, ही पिशवी कापली म्हणून माझी सही आसा."

गोकुळदासचे हात अजून मागेच होते. मग तो बोलला, आणि तिच्याशी नाही तर साहेबांशी. "तिका कायच खबर नाय. कात्री माज्या हातात होती. ती जेवत होती. मी आतसून म्हटलंय, कापली."

बिचाऱ्याला वाटलं त्याने लेकीला वाचवलं. साहेबांनी ते पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं, तेव्हा मलासुद्धा कळलं की त्याने काय करून ठेवलं. सही खोटी आहे एवढंच आतापर्यंत दिसत होतं. आता ती न बघता सही करते हेही तिच्याच बापाच्या तोंडून निघालं होतं. त्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं की अशा आणखी किती पिशव्या बाहेर आहेत, आणि मग, अगदी सौम्यपणे, बाकीच्या सह्यांचं आम्ही काय समजायचं. तनया हातातल्या गोधडीची घडी घालू लागली. परतीच्या वाटेवर मी आरशात बघितलं नाही.

कंपनीचं काम गेलं नाही, पण लांबलं. तनयाने सही केलेलं सगळं पुन्हा तपासायचं ठरलं आणि तिचं कायम होणं त्या तपासावर टांगलं. गोकुळदासला काढून टाकायलाच हवं होतं. साहेबांनी त्याला आतल्या कामावरून हलवून बागेत घातलं, आणि एक अट घातली. बाहेर गेलेली प्रत्येक पिशवी परत आणायची आणि त्याच मुलीसमोर कापायची.

भाटीवरची पिशवी बाबाजीने रिकामी केली. वहिनीने आगळ काचेच्या गाराफांवात, म्हणजे मोठ्या बुधल्यात, ओतलं आणि जुने डबे पुन्हा काढले. पद्मावतीकाकीने तांदूळ सुपात काढता काढता दहा वेळा विचारलं, की इतकी बरी वस्तू कापायची ती कित्याक. गोकुळदास उंबऱ्यावर उभा राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. पण हे सगळं आपल्या गावात होतं. तेरेखोल बाकी होतं.

लेकीच्या सासरी दिलेली वस्तू परत मागायला जायचं, ह्याहून खाली मान घालायचा प्रसंग आमच्याकडे दुसरा नाही. तो रविवारी माझ्याकडे आला आणि येतोस का एवढंच म्हणाला. केरीला फेरीबोटीत बसलो. नदी ओलांडेपर्यंत तो कठड्याला धरून उभा होता. मला वाटलं की तो काय बोलायचं ते जुळवतोय. तसं काही नव्हतं. व्याह्यांच्या अंगणात पाय ठेवल्यावर त्याच्या तोंडून शब्दच फुटेना.

पिशवी मागच्या पडवीत लाकडी मेजावर बसवलेली होती, पाण्याने भरलेली. व्याही राहायला आलेल्या पाहुण्यांना हौसेने दाखवत, की आमच्या व्याह्यांनी परदेशी टाकी दिली. आम्ही गेलो तेव्हाही एक जोडपं चहा घेत बसलं होतं. शेवटी मीच बोललो. जेवढं कमी सांगता येईल तेवढं सांगितलं, पण अशी गोष्ट थोडक्यात सांगितली तरी पुरतेच. कंपनीने फेकलेली, न विचारता आणलेली, परत हवी आहे. विनिता दारात होती. ती ऐकून आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

विहीणबाई सुमंगला मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, "न्या हां. त्यात काय." त्यांनी पिशवी रिकामी करवली, फडक्याने पुसली, अंगणात उन्हात वाळत घातली. आम्हाला चहा दिला, पाव दिला. मग पिशवीची घडी करताना त्या थांबल्या, आत गेल्या आणि ओंजळभर तांदूळ आणि एक नारळ घेऊन आल्या. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत. ते त्यांनी पिशवीच्या घडीत घातलं, वरून पुन्हा दुमडलं आणि ती दोन्ही हातांनी गोकुळदासच्या हातात दिली. गोकुळदासने ती घेतली, आणि मग चोरी पकडल्यावर जो रडला नव्हता तो माणूस तिथे अंगणात, त्या परक्या जोडप्यासमोर, तोंड फिरवून रडला. व्याही आत निघून गेले. सुमंगलाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. त्यांनी तर चांगलंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचऱ्याच्या खोलीत पिशव्या कापायच्या होत्या. साहेबांनी दुसरा साक्षीदार म्हणून मला उभं केलं. तनया आली. हातात डबा नव्हता. ती ओट्यावर बसली नाही, आत येऊन बापासमोर उभी राहिली, वीतभर अंतरावर. तिने क्रमांक वाचून दाखवला आणि बापाच्या हातांवर नजर लावली.

गोकुळदासने भाटीची पिशवी कापली. काजूचा आंबूस वास खोलीभर झाला. मग आगळाची कापली, तिच्या कडा लाल झाल्या होत्या. मग काकीची. कात्री जाड प्लॅस्टिकमधून करकरत जायची. कुणीतरी काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. तिने बापाला चार शब्द सुनावावेत, नाहीतर त्याने तरी माफी मागावी. बसमध्ये ह्या दोघांच्या गप्पांनी मला कधी रेडिओ लावू दिला नव्हता.

शेवटी तेरेखोलची घेतली. नारळ त्याने घरी काढून ठेवला होता, पण कात्री मधोमध आली तशी घड्यांत अडकलेले तांदळाचे दाणे फरशीवर सांडले. तनयाने ते पाहिले. ती त्यांचा अर्थ न कळणारी मुलगी नव्हती. तिला समजलं की बाप विनिताच्या दारात जाऊन आला, आणि कसा परत आला तेही समजलं. ती खाली बसली आणि एकेक दाणा वेचून मुठीत घेतला. मला वाटलं, आता बोलेल. गोकुळदासलाही तसंच वाटलं असणार, कारण त्याची कात्री थांबली होती.

ती उठली. मूठ तशीच मिटलेली ठेवून तिने पुन्हा त्याच्या हातांकडे बघायला सुरुवात केली.

गोकुळदासने उरलेली पिशवी कापली. मग तिने मागितलं नव्हतं तरी त्याने दोन्ही तुकडे दोन हातांत धरून वर केले, तिच्या डोळ्यांसमोर, नीट दिसतील असे. ती सही करेपर्यंत तो ते तसेच धरून उभा राहिला.